चारचौघं

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपक्ष चालू होता, म्हणजे देवळात फारशी गर्दी असायचं कारण नाही. पण त्या दिवशी सकाळी दहाच्या आत साताऱ्यातल्या आमच्या पेठेतल्या गणपतीच्या देवळापासून निघालेली रांग पिठाच्या गिरणीला वळसा घालून बोळाच्या तोंडाशी पोचली होती. प्रत्येकाच्या हातात भांडं. कुणाचा तांब्या, कुणाची किटली, समोरच्या काकूंनी तर घाईत कुकरचा डबाच आणलेला. पुण्याहून कुणाच्या तरी मेव्हण्याचा फोन आला होता: दिल्लीत गणपती दूध पितोय, आता पुण्यातही प्यायला लागलाय, तुमच्याकडे बघा.

मी दहा वर्षांची. आज्जीच्या हातात दुधाचं फुलपात्र आणि माझ्या हातात स्टीलचा चमचा, मसाल्याच्या डब्यातला, घासूनपुसून घेतलेला. तासाभरानं आमचा नंबर लागला. शेंदूर लावलेली दगडी मूर्ती, नैवेद्याला वाकल्यासारखी सोंड. गुरवानं सांगितलं तसा मी चमचा सोंडेला टेकवला आणि किंचित तिरका केला. दूध कमी होऊ लागलं. खरोखर कमी होऊ लागलं. आणि त्याच वेळी मला चमच्याखालून निघालेली बारीक पांढरी रेघ दिसली. सोंडेवरून पोटावर, पोटावरून मांडीवर, तिथून पाटाच्या कडेनं खाली आणि खालून मोरीकडे. शेंदरावर ती इतकी ठळक होती, की न दिसायला डोळेच मिटायला हवे होते.

गुरव म्हणाला, "प्यायला?"

मी म्हणाले, "प्यायला! सगळं प्यायला!"

मग आज्जीनं चमचा धरला. तीही म्हणाली, "प्यायला गं बाई."

आमच्या मागं दोन-तीन माणसं सोडून खाकी हाफपँटमधला एक मुलगा आईचं बोट धरून उभा होता. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "आई, दूध मोरीत चाललंय." एक क्षण सगळे गप्प झाले. दोघातिघांनी वाकून खाली बघितलं, हे मला पक्कं आठवतंय. मग कुणीतरी जोरात घंटा वाजवली आणि रांग पुढं सरकली.

संध्याकाळपर्यंत देशभर तो प्रकार थांबलासुद्धा. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून ते मूर्तीवरून कसं ओघळतं ते दाखवलं. पृष्ठताण, केशाकर्षण, ओल्या दगडावरून सरकणारा दुधाचा पातळ थर. भौतिकशास्त्राचा प्रश्न तिथं मिटला. माझा मात्र राहिला. मला कुणी धमकावलं नव्हतं. खोटं बोलतेय असं तेव्हा वाटलंही नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हीच गोष्ट रंगवून सांगितली आणि त्यात ती पांढरी रेघ नव्हती. मुद्दाम गाळली असंही नाही. ती नव्हतीच.

असल्या प्रश्नांना वाहिलेला एक अख्खा विषय आहे हे कळायला कॉलेजचं दुसरं वर्ष उजाडावं लागलं. मानसशास्त्र घेतलंय म्हटल्यावर नातेवाईक "मग सांग बघू माझ्या मनात काय चाललंय" म्हणायचे. त्यात एक पेपर सामाजिक मानसशास्त्राचा आहे म्हटलं की "म्हणजे समाजसेवा का?" नावातच घोळ आहे, त्यांचा दोष नाही. समाजशास्त्राचा विद्यार्थी त्या रांगेत कुठल्या पेठेतली, कुठल्या जातीची, किती शिकलेली माणसं होती ते विचारेल. मानसोपचार करणारा एखादा, या मुलीचं देवाशी आणि आज्जीशी काय नातं आहे, इथून सुरुवात करेल. आमचा विषय रांगेतल्या दोन माणसांच्या मधे जी दीड फूट जागा असते तिथं जाऊन उभा राहतो.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये केलेली व्याख्या आम्हाला पाठ करायला लावली होती: इतर माणसांच्या प्रत्यक्ष, कल्पित किंवा गृहीत धरलेल्या उपस्थितीचा एखाद्याच्या विचारांवर, भावनांवर आणि वागण्यावर कसा प्रभाव पडतो, ते समजून घेण्याचा आणि त्याचं कारण सांगण्याचा प्रयत्न. परीक्षेत चार मार्कांना यायची. तिच्यातल्या 'कल्पित' या शब्दावरून मी कितीतरी दिवस नुसती घसरत गेले. मग एकदा पुण्याच्या आत्याकडे राहायला गेले. आत्या एकटी राहते. दुपारी आडवं व्हायचं तर हातात पेपर धरून आडवी होते, म्हणजे दार वाजलंच तर "वाचत होते" म्हणता येतं. दार कुणी वाजवत नाही. वर्षानुवर्षं कुणी वाजवलेलं नाही. तरी तो पेपर हातात असतोच. ऑलपोर्टच्या व्याख्येला मी तिथं मनोमन हात जोडले.

मराठीत या सगळ्याला एक शब्द आहे, चारचौघं. चारचौघांत असं बोलू नये, चारचौघांसारखं वागावं, चारचौघांत नाक कापलं. ही चारचौघं म्हणजे नेमकी कोण, हे कुणी कधी विचारत नाही. त्यांना नावं नसतात, पत्ता नसतो आणि त्यांचं मत मात्र सगळ्यांना ठाऊक असतं.

पुस्तकात इतिहासाला सुरुवात व्हायची ती अमेरिकेतल्या सायकलींपासून. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट या माणसाच्या लक्षात आलं, की सायकलस्वार एकटा पळवतो त्यापेक्षा शेजारी कुणी असलं की जोरात पळवतो. मग त्यानं मुलांना मासे पकडायच्या गळाची रिळं गुंडाळायला दिली, एकदा एकेकट्याला, एकदा जोडीनं. काही मुलांचा वेग वाढला, काही मात्र जोडीदार बघून गडबडली. ही दोन टोकं का, याचं पटण्यासारखं उत्तर रॉबर्ट झायोन्सनं दिलं ते १९६५ मध्ये: हात बसलेलं काम चारचौघांसमोर अधिक चांगलं होतं, नवखं काम बिघडतं. रोज शंभर पोळ्या लाटणारी बाई बघ्यांसमोर आणखी झपाझप लाटते, आणि बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांचा ट्रे घेऊन आलेल्या मुलीच्या बशा किणकिणतात. झायोन्सनं पुढं १९६९ मध्ये हेच झुरळांवर करून बघितलं. सरळ वाटेवर इतर झुरळं बघायला असली की झुरळ जास्त जोरात पळालं, आणि वळणाच्या वाटेवर जास्त गोंधळलं. 'लोक काय म्हणतील' ही फक्त मध्यमवर्गाची खोड आहे असं मानणाऱ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगते.

पण मला ज्यानं धरून ठेवलं तो सॉलोमन ॲश. हा १९०७ साली वॉर्सात जन्मलेला ज्यू मुलगा, तेराव्या वर्षी अमेरिकेला गेला. त्यानं स्वतःच्या लहानपणची एक आठवण सांगून ठेवली आहे. तो सात वर्षांचा होता. वल्हांडणाच्या सणाची रात्र. आज्जीनं सगळ्यांचे द्राक्षारसाचे पेले भरले आणि एक जास्तीचा भरला. हा कुणासाठी, असं त्यानं विचारलं. काका म्हणाला, एलिया संदेष्ट्यासाठी. तो आज रात्री प्रत्येक ज्यू घरात येतो आणि एक घोट घेऊन जातो. खरंच घेईल? घेईल की, बघत राहा. मुलगा पेल्याकडे टक लावून बसला. वेळ झाली आणि त्याला वाटलं, हो, किंचित कमी झालं बहुतेक.

हे मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. तोच प्रसंग. आज्जी, भांडं, देवाच्या नावाचा घोट आणि बघणारं पोर. (या एलियाला आपल्याकडेही घर आहे. कोकणातले बेने इस्राएल ज्यू, ज्यांना गावाकडे शनवार तेली म्हणायचे, ते एलियाहू हन्नबीच्याच नावानं मलिदा करतात, आणि त्याचा रथ अलिबागजवळच्या एका खडकाला टेकून गेला असं मानतात.)

ॲश मोठा झाला आणि त्यानं पेल्यातला देव काढून टाकला, द्राक्षारस काढून टाकला, शंकेला जागा उरेल असं सगळंच काढून टाकलं. उरल्या फक्त रेघा. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिन्हीपैकी कुठली पहिलीएवढी आहे, ते मोठ्यानं सांगायचं. एकटं बसवून विचारलं तर शंभरात एकही चूक होत नाही इतकं सोपं. खोलीत सात ते नऊ विद्यार्थी, त्यांतला एकच खरा, तोही शेवटाकडे बसवलेला. बाकीचे सगळे आधीच ठरवून ठेवलेले. अठरा फेऱ्यांपैकी बारा फेऱ्यांमध्ये हे सगळे एकमुखानं आणि शांतपणे चुकीची रेघ सांगायचे. मग पाळी त्या बिचाऱ्याची.

त्या फेऱ्यांमधली साधारण एकतृतीयांश उत्तरं बहुमताच्या बाजूनं गेली. सुमारे पाऊणशे टक्के लोक एकदा तरी वाकले. रेघांमधला फरक सात इंचांपर्यंत वाढवला तरी वाकणारे काही उरलेच.

आता यातला माझा लाडका भाग. ॲशनं किती माणसं विरोधात लागतात तेही मोजलं. समोर एकच माणूस चुकीचं बोलत असेल तर फरक जवळजवळ पडत नाही. दोघं असली की चुका १३.६ टक्क्यांवर जातात. तिघं असली की ३१.८. आणि त्याच्यापुढं पंधरा माणसं आणून बसवली तरी फारसं काही वाढत नाही. म्हणजे अख्खा गाव लागत नाही, मोर्चा लागत नाही. तीन-चार माणसं पुरतात. ज्या कुणी मराठीत चारचौघं हा आकडा ठरवला, त्यानं तो हिशेब ॲशच्या कितीतरी आधी केलेला दिसतो.

हाच प्रयोग मी एकदा वर्गात करून बघितला आणि त्याचं मला अजून थोडं वाईट वाटतं. तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी सीएचबीवर शिकवायची. तासाला ठरलेले पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी मिळायचे. फळ्यावर खडूनं रेघा काढल्या, पाच जणांना आधी पढवून ठेवलं. सहावी एक मुलगी, रोज एसटीनं दीड तास प्रवास करून येणारी, हुशार, पहिल्या बाकावरची. पहिल्या दोन फेऱ्या तिनं बरोबर सांगितल्या. तिसऱ्या फेरीला फळ्याकडे बघितलं, मैत्रिणीकडे बघितलं, पुन्हा फळ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ब." ब ही रेघ वीतभर आखूड होती.

लगेच सगळं उघड केलं. वर्ग हसला, तीही हसली. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, मला वाटलं माझ्या चष्म्याचा नंबर वाढला." मी काहीतरी समजुतीचं बोलले. पण पुढचे दोन दिवस ती त्या मैत्रिणीशेजारी बसली नाही. आजकाल असल्या प्रयोगांना संमतीपत्रं लागतात, समित्या लागतात. मी धरून सहाजण जिच्याशी खोटं बोलले तिला ते हसण्यावारी नेता येतंच असं नाही, हे मला तिनं शिकवलं. ॲशच्या प्रयोगातले लोकही नंतर असंच बोलले होते. कुणाला वाटलं आपलेच डोळे बिघडले, कुणाला वाटलं उगाच प्रयोगाचा विचका नको. आणि काहींना, मोजक्यांना, रेघ खरंच तशी दिसायला लागली होती असं त्यांनी सांगितलं. यांतली मी कोणती, हे मला अजूनही सांगता येत नाही.

वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, हे सगळं अमेरिकेतलं, आपलं काय? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे हा विषय अगदीच काल आलेला नाही. राधाकमल मुखर्जी आणि नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी सामाजिक मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक १९२८ मध्येच लिहिलं होतं. पण उत्तरादाखल मी बिहारची गोष्ट सांगते. १५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहारमध्ये भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूर उद्ध्वस्त झालं, दहा हजारांच्या वर माणसं गेली. गांधीजींनी याला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं आणि रवींद्रनाथांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला, ते बहुतेकांना माहीत असतं. त्याच दिवसांत पाटण्याचे जमुना प्रसाद नावाचे मानसशास्त्रज्ञ लोकांच्या तोंडच्या अफवा टिपून ठेवत होते, ते फारसं कुणाला माहीत नसतं. पाटण्यात चक्रीवादळ येणार. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार. म्हणजे धक्का बसला, पण घर पडलं नाही, अशा मुलखात आणखी भयंकर अफवा उठत होत्या.

वीस वर्षांनी अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर नावाचा माणूस या अफवांवर अडकला. घाबरलेली माणसं आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतात? दिलासा देणाऱ्या का नाहीत? त्याला सुचलं ते असं: धक्का बसला, भीती पोटात शिरली, पण आजूबाजूला बघावं तर भिंत उभी, माणसं धडधाकट. भीती आहे आणि तिला कारण नाही. ही विसंगती माणसाला सोसत नाही. भीती काढून टाकता येत नाही, मग तिला शोभेल असं कारण उभं करायचं. या अफवा लोकांना भीती घालत नव्हत्या, त्यांच्या पोटात आधीच असलेल्या भीतीला आधार देत होत्या. यातून पुढं १९५७ मध्ये त्यानं जो सिद्धांत मांडला, तो आज जगभर बोधात्मक विसंवाद म्हणून शिकवला जातो. त्याचं बीज बिहारातलं. त्याच्या आधीच दुर्गानंद सिन्हा या मानसशास्त्रज्ञांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर जिथं प्रत्यक्ष नुकसान झालं होतं तिथल्या लोकांकडे पाहिलं, तर त्यांच्यात असल्या अफवा नव्हत्या. ज्यांच्या डोळ्यांसमोर दरड कोसळली त्यांना भीतीचं कारण शोधत हिंडायची गरज नव्हती.

हे मी वाचलं तेव्हा १९९३ चा सप्टेंबर आठवला. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडे एका भिंतीला चीर गेली नव्हती. पण कोयनेचा जिल्हा आमचा, १९६७ चा तिथला भूकंप घराघरात लक्षात होता. सगळी आळी आठवडाभर अंगणात अंथरुणं टाकून झोपली. आज रात्री दोन वाजता होणार, रेडिओवर सांगितलंय. कुठल्या रेडिओवर? कुणीच ऐकलं नव्हतं, सगळ्यांना सांगितलेलं होतं. मला ते दिवस सणासारखे आठवतात, आठ वर्षांच्या मुलीला आकाशाखाली झोपायला मिळणं म्हणजे काय हो. आज्जी मात्र रात्रभर जागी असायची.

या विषयाचं कौतुक करताना त्याची झाकली मूठही उघडायला हवी. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीज या तरुणीचा खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनी खिडकीतून बघितलं आणि कुणी हललं नाही, असं वर्तमानपत्रात आलं. त्यावरून डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी चांगले प्रयोग केले. बघे जास्त असतील तर मदत मिळायची शक्यता कमी होते, हे दाखवलं. ते प्रयोग आपल्या जागी आहेत. पण ती अडतीसची गोष्ट तशी घडलीच नव्हती. बहुतेकांना नीट काही दिसलं नव्हतं, काहींनी हालचाल केली होती. २००७ मध्ये संशोधकांनी कागदपत्रं तपासून ते मांडलं, २०१६ मध्ये त्या वर्तमानपत्रानंही आपली बातमी सदोष होती असं लिहिलं. मधली चाळीस वर्षं पाठ्यपुस्तकं एकमेकांकडे बघून अडतीसच छापत होती. मीही कित्येक वर्षं वर्गात ठासून अडतीस सांगितलं, सगळ्या पुस्तकांत होतं म्हणून! चारचौघांचा अभ्यास करणाऱ्यांनाही चारचौघं चुकलेली नाहीत. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर सामाजिक मानसशास्त्रातले जेमतेम पाव टिकले. तेव्हापासून मी या विषयातलं कुठलंही चटकदार वाक्य शिकवताना जरा थांबते.

ॲशच्या बाबतीतही असंच झालं. माणूस मेंढरासारखा, हा निष्कर्ष त्याच्या नावावर चिकटला. पण त्याच आकड्यांत दोनतृतीयांश उत्तरं बरोबर होती, आणि सुमारे पाव लोक एकदाही वाकले नव्हते. त्याला स्वतःला कुतूहल होतं ते वाकणाऱ्यांइतकंच न वाकणाऱ्यांचंही. त्यानं आणखी एक गोष्ट करून बघितली होती. त्या ठरवून बसवलेल्यांपैकी फक्त एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. लगेच चुका पावपटीवर आल्या. सोबतीला एक जण मिळाला की पुरत होतं.

आज्जी गेली त्याच्या आदल्या वर्षी मी तिला विचारलं. दुपारची वेळ, ती लसूण सोलत बसली होती.

"आज्जे, गणपती दूध प्यायला होता का गं तेव्हा?"

तिनं मान वर केली नाही. "कुठला पितोय. खाली चाललं होतं की सगळं."

"मग तू प्यायला म्हणालीस ती?"

"तुझ्याकडे बघितलं. इतकी हरखली होतीस तू. म्हटलं पोरीला दिसला असंल."

मी काही बोलले नाही. मी कुणाकडे बघून म्हटलं होतं, ते तिला सांगायचं राहूनच गेलं. ती दोन पाकळ्या सोलून पुन्हा म्हणाली, "ते पोरगं खरं बोललं होतं बघ. त्याच्या आईनं पायरीवरच ठेवून दिली एक. मी तिला म्हटलं, मारू नको गं त्याला."

मग टरफलं पदरात गोळा करत म्हणाली, "एवढंच म्हटलं मी."